नायनायच्या पेटीपायी चीन

टाकानिनी

मंडळाच्या अंकासाठी प्रवासवर्णन द्या, असं संपादकबाई म्हणाल्या. निसर्गसौंदर्य येऊ द्या, घरगुती भांडणं नकोत, हेही म्हणाल्या. निसर्ग भरपूर आहे, देते. भांडणाचं वचन देत नाही, कारण आम्ही गेलोच होतो एका पेटीसाठी, आणि पेटी म्हटली की भाऊबंद आलेच.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे हडपसरला तीस वर्षं जेवणाचे डबे पुरवले. नवरा गेल्यावर मुलाने इकडे ऑकलंडला आणलं. तो ईस्ट टामाकीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, सून बँकेत. दोघं सकाळी सातला गाड्या काढतात आणि मागे उरतो मी, नातू आणि नातवाचा शाळेचा डबा. आमची वसाहत नवी. सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी, सगळी राखाडी. पहिल्याच महिन्यात मी दोनदा भलत्याच दाराला किल्ली लावली. पहिल्यांदा आतून कुत्रा भुंकला. दुसऱ्यांदा दार उघडलं ते एका ठेंगण्या चिनी म्हातारीने. तिने मला आत बसवलं आणि पेल्यात गरम पाणी दिलं. मला वाटलं चहापत्ती घालायला विसरली. विसरली नव्हती. ते लोक पाणीच पितात.

तिला घरात नायनाय म्हणतात. नायनाय म्हणजे आजी, बापाची आई. मीही तेच म्हणते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही, त्यामुळे चार वर्षांत आमचं एकदाही वाजलं नाही. रोज नातवंडांना शाळेत सोडून आम्ही दोघी चालायला जातो. तिच्यात खोड एकच होती. रस्ता ओलांडताना ती बघायची नाही. ग्रेट साउथ रोडसारखा वाहता रस्ता, पण ही पिशवी हलवत सरळ पलीकडे. गाड्या कचकन थांबायच्या, कुणी काच खाली करून दोन शब्द ऐकवायचं. मी अलीकडे उभी, सिग्नलातला हिरवा माणूस दिसायची वाट बघत.

तिची नात जेनी पामर्स्टन नॉर्थला कॉलेजात शिकते. ती सुट्टीवर आली तेव्हा मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "विचार तुझ्या आजीला, तिला मरायची हौस आहे का?"

जेनीने विचारलं. नायनायने पाकिटातून एक फोटो काढून माझ्या हातात ठेवला. मला ती होडी वाटली. काळी, चकचकीत, दोन्ही टोकांना फुगलेली.

"ही तिची पेटी आहे," जेनी खाली बघत म्हणाली. "मेल्यावर पुरतात ती. त्यांच्या गावात साठी झाली की करून ठेवतात. सॉरी, आंटी."

"सॉरी कशाला? लाकूड कुठलं आहे ते विचार."

नायनाय जी खुलली ती बघण्यासारखी. इथे आल्यापासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. लाकूड सुरूसारख्या सरळ वाढणाऱ्या झाडाचं. झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं. आधी चांगलं वाळवून घेतलं, मग पेटी केली, दर वर्षी वरून रोगणाचा हात. पेटी गावी माळ्यावर आहे आणि पुतण्या सांभाळतो. माझी जागा धरून ठेवलेली आहे, मग मोटारीला कशाला भ्यायचं, असा तिचा हिशेब होता. मला पटला. आमच्याकडे हा विषय काढला की मुलगा म्हणतो, "आई, सकाळी सकाळी अशुभ नको." संध्याकाळी काढला तर म्हणतो, "आई, आत्ताच दमून आलोय."

२०१७च्या नोव्हेंबरात नायनायने जाहीर केलं की ती गावी जाणार. पेटी बघणार, आणि पेटी ठीक असेल तर तिथेच राहणार. नातवंडं मोठी झाली, आता आपल्या पेटीजवळ राहावं. तिचा मुलगा संत्र्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. "आंटी, तुम्ही तिच्याबरोबर जा. जेनी तिथून पुढे मैत्रिणींकडे जाणार आहे. पाहुणीला एकटं परत पाठवणं आमच्यात बसत नाही. तुम्हाला पोचवायला म्हणून तरी आई परत येईल."

म्हणजे मला आमिष म्हणून पाठवायचं होतं. मी हो म्हटलं. चीन फुकटात कुठे बघायला मिळतं?

"आई, तुला तिथली भाषा येत नाही," आमचा मुलगा म्हणाला.

"इथली येते?"

ती तिथे राहिली असती तरी मला काही फरक पडणार नव्हता. सकाळी रस्ता ओलांडताना पुढे कुणी नसणार, इतकंच.

ग्वेलिन

विमानतळावर वेई आला होता. वेई म्हणजे पेटी सांभाळणारा तोच पुतण्या. पन्नाशीचा, केस काळे केलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. नायनायच्या थोरल्या दिराचा मुलगा. त्याची आई, म्हणजे नायनायची मोठी जाऊ, दोन हिवाळ्यांपूर्वी वारली. दोघींनी चाळीस वर्षं एका चुलीवरून भांडणं केली होती. ती गेल्याचा फोन टाकानिनीत आला तेव्हा नायनायने "बरं" म्हटलं आणि उरलेली भाजी चिरली.

वेईने काकूचं सामान स्वतः उचललं. माझंही उचललं. जेनी आमचं बोलणं इकडचं तिकडे करत होती.

"पेटी कशी आहे?" नायनायने गाडीत बसायच्या आधी विचारलं.

"पेटी कुठे पळून जाते, काकू? पाहुणीला आधी आपला मुलूख दाखवू."

तर मुलूख. ग्वेलिनचे डोंगर जमिनीतून एकेकटे वर आले आहेत. सपाट भात, भातात मध्येच एक डोंगर, मग पुन्हा भात. आपला सह्याद्री कसा खांद्याला खांदा लावून उभा असतो. इथे प्रत्येक डोंगर वेगळा राहतो, बोलचाल बंद झालेल्या भावांसारखा. चुनखडीचा दगड आहे, पावसाने हजारो वर्षं खाऊन एवढाच ठेवला, असं जेनीने सांगितलं. दिसायला झकास, हे कबूल करते. पण त्यांना नुसते डोंगर म्हणून कुणी राहू देत नाही. हा हत्ती, हा उंट, ही नवऱ्याची वाट बघणारी बाई. गाडीतून एक साधा गोल डोंगर दिसला तेव्हा मला बरं वाटलं. वेई म्हणाला, तो वाफवलेला पाव.

पहिल्या दिवशी त्याने गुहेत नेलं. आमच्याकडे वायटोमोला मुलाने मला एकदा गुहा दाखवली होती. तिथे काळोखात होडीत बसवतात, बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि वर छताला किडे चांदण्यांसारखे चमकतात. लोक देवळात आल्यासारखे श्वास रोखून असतात. इथे सगळं उलट. छतापासून जमिनीपर्यंत दगडाच्या झालरी, थेंबाथेंबाने झालेल्या, आणि त्यांच्यावर गुलाबी, हिरवे, जांभळे दिवे सोडलेले. मंगल कार्यालय लाजेल. गुहा दाखवणारी पोरगी भोंगा घेऊन प्रत्येक दगडाचं नाव सांगत होती. हा सिंह, हा कोबी, हे धान्याचं कोठार.

"हा?" मी एका दगडाकडे बोट दाखवून जेनीला विचारलं.

जेनीने तिला विचारलं. पोरगी गोंधळली. त्याचं अजून ठरलं नव्हतं.

खायचं मात्र चोख. सकाळी तांदळाच्या शेवया. वाटीत गरम शेवया, वर खारवलेल्या शेंगा, तळलेले दाणे, मिरचीचा ठेचा, चमचाभर काळा रस. कोरड्या खायच्या आणि शेवटी त्याच वाटीत रस्सा घेऊन प्यायचा. एक बाई, एक पातेलं, एक झारा. वाटी पुढे सरकायला लागेल तेवढ्याच वेळात वाटी भरलेली. मी तीस वर्षं हाच धंदा केला आहे, तिला मनातून नमस्कार केला. ऑकलंडला एका अंड्यासाठी अर्धा तास बसवतात आणि वर गवत टाकून आणतात.

नदी

दुसऱ्या दिवशीही गावी जायचं निघालं नाही. वेईने नदीतून यांगश्वोपर्यंत मोठ्या बोटीची तिकिटं काढली होती. नदी हिरवी, धुकं कमरेइतकं, आणि दोन्ही काठांनी डोंगर येत राहतात. पहिला अर्धा तास मी बोलले नाही. दुसऱ्या अर्ध्या तासात म्हटलं, छान आहे. त्यापुढे मी शेंगदाणे काढले. सुंदर गोष्टीला थांबायचं कुठे हे कळत नाही.

मध्येच सगळी बोट एका बाजूला धावली. समोर रंग उडालेला उभा कडा होता आणि त्यावर म्हणे नऊ घोडे दिसतात. ज्याला नऊही दिसतील तो परीक्षेत पहिला येतो. माणसं डोळे बारीक करून मोजत होती, एक बाप मुलाला "नीट बघ" म्हणून दटावत होता. मला एक दिसला, तोही बहुतेक बसलेला बैल. चौथी पासला तेवढाच. जेनीला तीन दिसले. वेईने कड्याकडे मान वळवली न वळवली आणि म्हणाला, "नऊ." जो माणूस नऊच्या नऊ घोडे एका दमात बघतो, त्याच्यावर मला तिथेच संशय यायला हवा होता.

नायनाय कड्याकडे पाठ करून बसली होती. ती याच नदीच्या पाण्यावर वाढलेली, तिला घोड्यांचं काय?

"यंदा रोगण लावलंस का?" तिने वेईला विचारलं.

"यंदा पाऊस फार झाला, काकू."

"आणि गेल्या वर्षी?"

"काकू, ते बघा, पाण्यात म्हशी!"

म्हशी होत्याच, पण हे काय उत्तर झालं?

पुढे एका जागी काठावर रांग लागली होती. तिथला देखावा त्यांच्या नोटेवर छापलेला आहे. म्हणून प्रत्येक जण नोट देखाव्यासमोर धरून फोटो काढतो. खरे डोंगर नोटेसारखे आहेत का, याची खात्री करून घेतात आणि समाधानाने नोट खिशात घालतात. जवळच एक दाढीवाला म्हातारा, टोपी घातलेला, खांद्यावर काठी आणि काठीवर दोन काळे पाणपक्षी. पूर्वी हे पक्षी मालकाला मासे धरून द्यायचे. आता पक्षी पंख पसरतात, म्हातारा लांब बघतो आणि माणसं त्यांच्याबरोबर उभी राहतात. मासे तो बाजारातून आणतो. मी विचारलं होतं. बांबूच्या तराफ्यांतून फिरवतात तेही बांबूचे नाहीत, नळाच्या जाड प्लास्टिकच्या पाइपांचे आहेत, बांबूचा रंग दिलेला. त्या तराफ्यात जेनीची एक जँडल, म्हणजे रबरी चप्पल, पाण्यात गेली, तेवढीच त्या दिवशी खरीखुरी घडलेली गोष्ट.

संध्याकाळी नायनायने पुन्हा विचारलं. वेई म्हणाला, "उद्या. फक्त वाटेत एक जुनं गाव आहे."

जुनं गाव

जुन्या गावात जायला तिकीट लागतं. फाटकावर माणूस उभा, तिकीट फाडतो, मग तुम्ही गावात शिरता. आत काळ्या फरश्यांच्या गल्ल्या, पायांनी झिजून आरशासारख्या झालेल्या, मोठाले वड, दगडी पूल आणि दर दहा पावलांवर गावाचं चित्र काढणारी कॉलेजची मुलं. घरांच्या पायऱ्यांवर काळ्या आंबवलेल्या बिया टोपल्यांत वाळत घातलेल्या. वास उग्र, चव सरस. मी अर्धा किलो घेतल्या.

एक गोष्ट आवडली. झऱ्याचं पाणी एकामागून एक हौदांत सोडलंय. पहिल्यातलं प्यायचं, पुढच्यात भाजी धुवायची, त्याच्या पुढच्यात कपडे. पाटी नाही, पहारा नाही, तरी सगळ्यांना माहीत. शेवटच्या हौदाशी एक बाई चादर आपटत होती. ती खरोखर चादर धुतेय की पगारावर बसवलीय, असा मला प्रश्न पडला. मी तिच्या चादरीकडे निरखून बघितलं. मळलेली होती. बरं वाटलं.

जेवायला बसलो. वेईने सात पदार्थ मागवले. काकूच्या वाटीत स्वतःच्या काड्यांनी माशाचा गालाकडचा तुकडा ठेवला, माझ्या वाटीत कोंबडी. पाठीला उशी आणून दिली. गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. तेव्हा मला कळलं. माझे डबे पोचवणारा एक गडी होता. ज्या दिवशी रस्त्यात डबा सांडायचा, त्या दिवशी तो हटकून घरी येऊन माझी तब्येत विचारायचा.

"जेनी, तुझ्या काकाला विचार, पेटीला काय झालंय?"

जेनीचा घास तोंडात राहिला. "आंटी, मी असं नाही विचारू शकत. ते मोठे आहेत."

"मग मी विचारते."

मी वेईसमोर हवेत पेटी काढली. लांबी, रुंदी, झाकण. मग दोन्ही तळवे वर करून विचारलं, कुठाय? वेईला टोफूचा ठसका लागला. पाणी पिऊन, तोंड पुसून तो भराभरा बोलला.

"उद्या नक्की नेतो म्हणताहेत," जेनी म्हणाली.

नायनायने काड्या खाली ठेवल्या. माशाचा गाल वाटीत तसाच राहिला.  गाडीत ती पाकिटातला तो फोटो काढून मांडीवर धरून बसली होती.

नायनायचं गाव

गाव छान आहे. मागे दोन डोंगर, पुढे पपनसाच्या बागा. अंगणाअंगणात बांबूच्या चाळण्यांवर सोललेली केशरी पर्सिमन फळं वाळत घातलेली, हजारोंनी. आमच्याकडे ती डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, एकेकटी स्टिकर लावून विकतात. वेईचं घर नवीन, तीन मजली, बाहेर पांढऱ्या फरश्या आणि पाहुण्यांना खोल्या मिळतील अशी पाटी. जुन्या घराची मागची बाजू आणि माळा तेवढा ठेवला होता.

वेईच्या बायकोने लगेच चहाला बसवलं. इथला चहा म्हणजे पत्ती, आलं आणि लसूण लोखंडी भांड्यात तेलावर कुटतात, पाणी घालून उकळतात, मीठ टाकतात आणि वाटीत चुरमुरे, तळलेले दाणे, कांद्याची पात. थोडक्यात चिवड्याचा काढा. पहिली वाटी कडू लागली. संपवली. लगेच दुसरी भरली. दुसरी बरी होती. संपवली. तिसरी आली. तिथे रिकामी वाटी म्हणजे अजून हवं, आणि आम्हाला ताटात टाकायची सवय नाही. मी संपवत होते, ती भरत होती, आणि वेई तिला डोळ्यांनी भर भर म्हणत होता. सहाव्या वाटीला नायनायने आपली काडी वाटीवर आडवी ठेवली, म्हणजे पुरे. मग माझ्याही वाटीवर ठेवली. हे आधी सांगायला काय झालं होतं?

ती उठली आणि शिडीने माळ्यावर गेली. या वयात शिडी. मागे वेई, मागे जेनी, मागे मी, पोटात सहा वाट्या घेऊन.

माळ्यावर दोन लाकडी घोड्या समोरासमोर होत्या. पेटी ठेवायच्या. त्यांच्यावर एक फळी टाकून भोपळे मांडले होते.

वेई गुडघ्यांवर बसला. मग त्याने सांगितलं ते असं. त्याची आई हिवाळ्यात अचानक गेली. तिची स्वतःची पेटी नव्हती. करून घे म्हटलं की ती म्हणायची, धाकटीच्या आधी मी कशाला मरतेय. बाहेर थंडी, रस्ता बंद, आणि घरात एक पेटी तयार. "आईला फळीवर ठेवायचं होतं का, काकू? आणि आपली पेटी दुसऱ्याला दिली तर देणाऱ्याचं आयुष्य वाढतं." हा नियम खरा की त्याने गाडीत बसून तयार केला, कोण जाणे.

नायनाय बोलायला लागली. आधी हळू. जेनी सांगत होती, "त्या जिवंत होत्या तेव्हा हिची पळी नेली, हिच्या कोंबड्या नेल्या, आणि आता पेटी..." पुढे जेनी लाल झाली आणि तिने सांगणं बंद केलं. गरजही नव्हती. जावेबद्दल कोण काय बोलतं ते मला हडपसरपासून पाठ आहे.

मध्येच नायनाय थांबली आणि तिने वेईला एक छोटासा प्रश्न विचारला. वेई जमिनीकडे बघून पुटपुटला.

"काय?" मी जेनीला ढोसलं.

"ती विचारतेय, माझी जाऊ माझ्यापेक्षा वीतभर उंच होती, ती मावली कशी? काका म्हणतात, गुडघे जरा वाकवले."

मला हसू आलं. आवरलं नाही. नायनायने माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता माझा नंबर. पण तिच्याही तोंडाचा एक कोपरा हलला, जाऊ गुडघे वाकवून पडलीय हे कळल्यावर. लगेच तिने तोंड पुन्हा नीट केलं आणि भोपळ्याला लाथ मारली.

मग ती छत्री घेऊन थडग्याकडे निघाली. डोंगराच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या झाडांत, मातीचा उंचवटा आणि दगड. तिने त्या उंचवट्यावर छत्री मारली. एकदा, दोनदा, पाच-सहादा. तोंडाने चालूच. छत्रीची एक काडी मोडली. मी बाजूच्या दगडावर बसून वाळलेलं पर्सिमन खात होते. अशा वेळी मध्ये पडू नये.

दम लागल्यावर ती वाकली आणि उंचवट्यावरचं गवत उपटायला लागली. वेई मदतीला धावला, त्याला हाताने झटकलं. चारी बाजूंनी साफ केलं, मुळांसकट.

"शेवटी जाऊ ती जाऊ," मी जेनीला म्हटलं.

जेनीने आजीला विचारलं आणि मला उत्तर आणून दिलं. "ती म्हणते, तिचं मला काही नाही. माझ्या पेटीवर गवत वाढू देणार नाही."

निघताना मी दुसरं पर्सिमन त्या दगडापाशी ठेवलं. पेटी माळ्यावर असती तर मला परतीच्या विमानात एकटीने बसायचं होतं. त्या बाईने ती पेटी नेली. मला ती कधी भेटली नाही, पण माझं काम तिनेच केलं होतं.

लाकूड

दुसऱ्या दिवशी वेई आम्हाला घेऊन तालुक्याच्या बाजारातून तयार पेटी घ्यायला निघाला. लाल, सोनेरी फुलं काढलेली. नायनायने दुकानात पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केली, जसं आपण कलिंगड बघतो. मग दुकानदाराला एकच शब्द बोलली. फळीवर फळी चिकटवलेली होती म्हणे.

डोंगराच्या अंगाला तिच्या नवऱ्याने लावलेली आणखी चार झाडं उभी होती. एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्याने झाडांना मिठी मारून घेर बघितला, वर बघितलं, मग नायनायला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, शिंपी बघतो तसं. तिसरं झाड ठरलं. वेईने स्वतः करवत धरली, सुताराने त्याला शिव्या दिल्या, आणि दुपारपर्यंत झाड आडवं झालं.

"कधी होईल?" नायनायने विचारलं.

"वाळायला तीन वर्षं. ओल्याची केली तर फटी पडतील."

नायनाय तोडलेल्या बुंध्यावर बसली. वेईची बायको लगेच म्हणाली, काकू, इथेच राहा, वरची खोली देते, खिडकीतून दोन्ही डोंगर दिसतात. वेईने मान डोलावली.   मी डोंगराकडे बघत होते आणि मला एकही घोडा दिसत नव्हता.

नायनाय बोलायला लागली, आणि जेनीने ते एकेक करून सांगितलं.

"ती म्हणते, आता तीन वर्षं मरायची सोय नाही. इथे मेले तर हा मला बाजारातली चिकटवलेली पेटी देईल. म्हणून तीन वर्षं जिथे जगता येईल तिथे राहते. टाकानिनीत डॉक्टर आहे. चालायला फुटपाथ आहे." जेनीने माझ्याकडे बघितलं. "आणि म्हणते, ही आहे. हिला स्वतःच्या घराचं दार ओळखता येत नाही."

"आता येतं," मी म्हटलं.

जेनीने ते तिला सांगितलं नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही.

वेईला तिने एक अट घातली. दर महिन्याला लाकडाचा फोटो पाठवायचा, वर भोपळे न ठेवता.

परत

ऑकलंडच्या विमानतळावर नायनायच्या पिशवीत लाकडाचा एक ढलपा निघाला. बाहेरून काय आणलं ते लिहायच्या फॉर्मवर तो माझ्याच हाताने लिहिला होता, म्हणून अधिकाऱ्याने बाजूला घेऊन विचारलं, हे काय? जेनी पुढे शांघायला गेलेली. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "नमुना. तिच्या पेटीचा. ती संपली की आत झोपणार." अधिकारी तरुण होता. त्याने ढलप्याकडे बघितलं, नायनायकडे बघितलं. ती त्याला हसून पाकिटातला फोटो दाखवायला लागली. त्याने ढलपा ठेवून घेतला आणि आम्हाला मात्र लगेच सोडलं.

दाराबाहेर तिचा मुलगा उभा होता. आधी मी दिसले. त्याची नजर माझ्या मागे गेली, आणि मागे नायनाय सामानाची गाडी ढकलत येताना दिसली तेव्हा त्याने तोंड फिरवून नाक शिंकरलं. पुढच्या आठवड्यात मला दोन पिशव्या संत्री आली.

आमच्या घरात मीही तो विषय आता जेवताना काढते. तोंडात घास असला की मुलाला अशुभ म्हणता येत नाही. "माझं जाळायचं कुठे, राख टाकायची कुठे, ते चौकशी करून लिहून ठेव." परवा त्याने फोनवर काहीतरी शोधून लिहून घेतलं. नातू म्हणाला, "कूल." हे त्याला मराठीत सांगता आलं असतं.

दर महिन्याला फोटो येतो. माळ्यावर ओंडके, खाली चिपा लावलेल्या, टोकांना मेण. नायनाय तो बसस्टॉपवर सगळ्यांना दाखवते. लोकांना ते घरामागच्या लाकडी ओट्याचं सामान वाटतं. म्हणतात, नाइस डेक.

आणि रस्ता. शाळा सुटल्यावर गर्दी असते तिथे आम्ही दोघी कडेला उभ्या राहतो. हिरवा माणूस दिसतो, तरी ती हलत नाही. आधी उजवीकडे बघते, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. परवा गाडी न बघता निघालेल्या एका धडधाकट बाईला तिने कॉलरला धरून मागे ओढलं. सगळं बघून झालं की माझा दंड घट्ट पकडते आणि आम्ही निघतो. अजून दोन वर्षं चार महिने आहेत.